हद्दीबाहेरचा समुद्र

पुळणवाली | १८ जानेवारी २०२६, रात्री १०:४०

दहा वर्षांपूर्वी, जानेवारी २०१६च्या शेवटी, जुहूला एक मेलेला देवमासा लागला होता. ब्रायडी जातीचा, पस्तीसेक फूट. मी तेव्हा सांताक्रूझला नोकरी करत होते, सकाळी लवकर निघून बघायला गेले. वास लांबूनच आला. विसर्जनाला असते तशी गर्दी, आणि निम्मे लोक एका हाताने नाकाला रुमाल लावून दुसऱ्या हाताने फोटो काढत होते. माझ्या डोक्यात राहिलं ते मात्र वेगळंच. शेजारी दोन गृहस्थ तावातावाने वाद घालत होते की हा आता कुणाच्या हद्दीत येतो. एक म्हणे महापालिका, दुसरा म्हणे वनखातं. तिसऱ्याने मध्येच सांगून टाकलं, "भरती आली की नेव्हीचा."

हे आज आठवलं ते कालच्या तारखेमुळे. १७ जानेवारीला हाय सीजचा, म्हणजे कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रातल्या जिवांच्या संरक्षणाचा करार लागू झाला. आपल्याकडे बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकली. मी गेले काही दिवस यावर वाचतेय, म्हणून धागा काढतेय.

थोडक्यात हिशोब असा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल हा देशाचा स्वतःचा समुद्र. २०० मैलांपर्यंत मासे, तेल, खनिजं यांवर त्या देशाचा हक्क. २०० सागरी मैल म्हणजे ३७० किलोमीटर. मुंबईहून रस्त्याने कोल्हापूर गाठायला जेवढं अंतर, तेवढं पश्चिमेला पाण्यात गेलात की भारताचा हक्क संपतो. त्यापुढचा समुद्र कुणाचाच नाही. आणि तो थोडाथोडका नाही, जगातल्या समुद्राच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ दोन तृतीयांश आहे. आजवर त्यातला एखादा टक्काच नीट संरक्षित होता.

कराराची बोलणी वीसेक वर्षं रखडत चालली होती. ४ मार्च २०२३ला न्यूयॉर्कमध्ये रात्रंदिवस चाललेल्या शेवटच्या बैठकीनंतर अध्यक्ष रीना ली (सिंगापूरच्या) म्हणाल्या की जहाज किनाऱ्याला लागलं. जूनमध्ये मसुदा रीतसर स्वीकारला गेला. लागू व्हायला ६० देशांची मंजुरी हवी होती, ती १९ सप्टेंबर २०२५ला पुरी झाली, आणि तिथून १२० दिवस मोजले की कालचा शनिवार येतो. भारताने सप्टेंबर २०२४मध्ये सही केलीय. मंजुरी अजून बाकी आहे.

माझा प्रश्न साधा आहे. आपल्या अरबी समुद्रात याने काय बदलेल? जाणकारांनी लिहा. बोटीवर, जहाजावर, डॉकवर असणाऱ्यांनी तर लिहाच.

---

टोमणेश्वर | १८ जानेवारी, रात्री ११:०५

काय बदलेल? एक सचिवालय होईल, तिथे लोक विमानाने जातील आणि काचेच्या बाटलीतलं पाणी पितील.

चेष्टा सोडा. मुंबईत दादरच्या फुटपाथवरचा फेरीवाला हटवता येत नाही, तिथे रोज गाडी फिरते तरीसुद्धा. हजार मैलांवर कोण गाडी फिरवणार?

---

मोरीमटण | १८ जानेवारी, रात्री ११:१८

रुमाल टाकून ठेवतो. सुरमई स्वस्त होणार असेल तर माझा पाठिंबा.

---

कलम_कसाई | १९ जानेवारी, सकाळी ७:५०

पुळणवाली, चांगला धागा. कायद्याची बाजू मांडतो, कंटाळा आला तर खाली सरका.

या कराराला स्वतःची गस्ती बोट नाही आणि असणारही नाही. तो १९८२च्या समुद्र कायद्याच्या पोटातला करार आहे. त्या कायद्याने समुद्राच्या हद्दी आखल्या, तळातल्या खनिजांसाठी वेगळी संस्था काढली, पण खुल्या समुद्रातल्या जिवांबद्दल 'सगळ्यांनी जपावं' यापलीकडे फारसं काही नव्हतं. भारताने तो १९९५ला मंजूर केला. अमेरिकेने अजूनही केलेला नाही.

नव्या करारातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट आहे मतदानाची. आजवर खुल्या समुद्रात राखीव क्षेत्र करायचं तर कसं व्हायचं ते बघा. अंटार्क्टिकाभोवती एक आयोग आहे, भारतही त्याचा सदस्य आहे. त्यांनी २०१६मध्ये रॉस समुद्रात साडेपंधरा लाख चौरस किलोमीटर राखीव केले. प्रचंड काम. पण तिथे निर्णयाला सगळ्यांचं एकमत लागतं. त्यानंतर पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव दरवर्षी येतात आणि रशिया-चीनच्या नकारावर अडकतात. पुनर्विकासाला शंभर टक्के संमती लागली असती तर मुंबईत एक चाळ पाडली गेली नसती, तसंच आहे हे.

नव्या करारात आधी एकमताचा प्रयत्न, नाही जमलं तर हजर राहून मत देणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांचं बहुमत. ज्याला अजिबात पटत नाही त्याने १२० दिवसांत कारणं देऊन हरकत नोंदवायची, मग तो निर्णय त्या देशाला बांधत नाही. म्हणजे पळवाट आहेच. पण ती पळवाट घेणाऱ्याला नावानिशी, लेखी पळावं लागतं.

आता दुखरी बाजू. खुल्या समुद्रात काही मोठं काम करायचं तर पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासायचं, हे बंधनकारक झालं. पण तपासणार कोण? ज्या देशाच्या अखत्यारीतलं काम, तोच देश. अंतिम होकारही त्याचाच. बिल्डरनेच स्वतःच्या इमारतीला ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) द्यावी तसं. एवढंच की अहवाल जाहीर करावा लागतो आणि कराराची शास्त्रज्ञांची समिती त्यावर बोलू शकते.

आणि मासेमारी, जहाजवाहतूक, खाणकाम यांच्या आधीपासूनच्या संस्थांच्या कामात हा करार ढवळाढवळ करत नाही. ट्यूनासाठी हिंदी महासागराचा आयोग आहे, सेशेल्समध्ये. तो आहे तसाच राहणार. समुद्रातल्या जिवांपासून औषधं वगैरे काढली तर त्यातला वाटा गरीब देशांना मिळण्याची तरतूद आहे, ती मोठी कलमं आहेत, त्यावर वेगळा धागा काढेन.

---

मोरीमटण | १९ जानेवारी, सकाळी ९:१२

सुरमईबद्दल एक शब्द नाही. निषेध.

---

डेकवरचा_गडी | १९ जानेवारी, दुपारी ३:३०

मी मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे, सध्या घरी, डोंबिवलीत. सेकंड ऑफिसरची वॉच रात्री बारा ते चार. त्यामुळे मी समुद्र बघितला आहे तो बहुतेक काळाच.

न्हावा शेवाहून ओमानमधल्या सलालाहला जाताना जेमतेम तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी बॉम्बे हायच्या फ्लेअरचा, म्हणजे तेलविहिरींवर जळणाऱ्या वायूचा, उजेड मागे पडतो. मग काही नाही. दुसऱ्या रात्री, दोन वाजले असतील, मला समोर पहाट दिसली. पश्चिमेला. मी घड्याळ बघितलं, होकायंत्र बघितलं, आणि सुकाणूवरच्या हेल्म्समनकडे बघितलं. तो रत्नागिरीकडचा, दोन ट्रिपा जास्त केलेला. म्हणाला, "साहेब, माकुलवाले." माकुल म्हणजे स्क्विड.

तासाभरात जवळ गेलो. एकेका बोटीवर दोन्ही बाजूंना बल्बांच्या माळा, आपल्या गणपतीच्या मंडपाला शरम वाटेल अशा. पांढरा उजेड, त्यातून पाणी हिरवं दिसायचं. एवढा लखलखाट की बोटीचे नियमाचे दिवे, म्हणजे मासेमारी चालू आहे हे सांगणारा लाल आणि त्याखालचा पांढरा, दिसतच नाहीत. तोंड कुठे, शेपूट कुठे, कळत नाही. त्या पाण्यात छत्रीसारखा नांगर सोडून वाऱ्यावर सावकाश वाहत असतात. बाजूला यंत्राने गळांच्या दोऱ्या वरखाली होत असतात. उजेडाला माकुल वर येतो, गळाला लागतो. रडारवर मी तीस-पस्तीस ठिपके मोजले आणि मग मोजणं सोडलं, कारण वाट काढायची होती. एआयएसवर, म्हणजे जहाजाचं नाव-जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेवर, नाव सांगत होते त्यातले अर्धेअधिक. बाकीचे नुसते ठिपके.

घरी आल्यावर वाचलं. ओमान-येमेन आणि भारत यांच्या हद्दींच्या मधल्या खुल्या समुद्रात माकुल पकडणाऱ्या बोटी २०१५ला तीसच्या आसपास होत्या, २०१९पर्यंत पावणेतीनशेच्या वर गेल्या. बहुतेक चिनी. आणि यात बेकायदा काय? काहीच नाही! ट्यूनाचा आयोग ट्यूना बघतो, माकुल त्याच्या यादीत नाही. किती पकडायचा, कधी थांबायचं, कुणी सांगणाराच नाही. कायदा मोडायला आधी कायदा असावा लागतो.

टोमणेश्वर, तुमच्या फेरीवाल्याच्या फुटपाथवर निदान 'ना फेरीवाला क्षेत्र' अशी पाटी तरी असते.

---

पुळणवाली | १९ जानेवारी, संध्याकाळी ६:०२

बापरे. पश्चिमेला पहाट! हे मला कुठल्याच बातमीत मिळालं नव्हतं. धन्यवाद.

---

नाखवा_वेसावे | १९ जानेवारी, रात्री ९:४५

ताई, भाऊ, मी लिहीत नाही जास्त, वाचतो. पण माकुलचा विषय निघाला म्हणून.

आमच्या दोन बोटी आहेत. दर्यात पंधरा दिवसांची फेरी असते. बर्फ, डिझेल, पाणी, रेशन, खलाशांचा पगार, सगळं भरून तांडेल निघतो तेव्हा धक्क्यावरच पैसा बुडालेला असतो, म्हावरं मिळालं तर तो वर येतो. माकुल आम्हालाही मिळतो. सगळा कंपनीत जातो, परदेशात. आपल्याकडे खाणारे कमी.

१ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस आमची बोट वर. का, तर म्हावऱ्याची वीण होते. बरोबर आहे, आम्हाला मान्य आहे. आमचे आजे तर कायद्याच्याही आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय दर्यात जात नव्हते. कायदा १ ऑगस्टला सोडतो, ते त्यानंतरही थांबायचे. आणि कुणी चोरून बोट काढली तर? पोलीस लागत नव्हते. वेसाव्याच्या खाडीतून बोट बाहेर पडताना अख्खा गाव बघतो. संध्याकाळी पंचासमोर उभं करायचे.

मग मला सांगा, दर्या तर एकच आहे. आम्ही दोन महिने घरात बसायचं आणि ज्याला कुणी बघत नाही त्याने पुढे बसून दिवे लावायचे, असं असेल तर वीण कुणाची वाढते आणि पोट कुणाचं भरतं?

दुसरी भीती. कायदा वर होतो आणि दंड खाली येतो. एलईडी दिवे लावून म्हावरं ओढणाऱ्यांवर बंदी आली, चांगलं झालं. पण कागद तपासायला बोट चढली की आधी आमच्यासारख्याकडेच येते, कारण आम्ही सापडतो. या नव्या करारात आमच्यावर काय येणार?

---

कलम_कसाई | १९ जानेवारी, रात्री १०:३०

नाखवा, थेट काही नाही. हा करार २०० मैलांच्या पलीकडे लागतो. तुमच्या बोटी तिथे जात नाहीत. आपल्याकडे खरे तितके लांब जाणारे म्हणजे कन्याकुमारीकडच्या थूथूरचे मच्छीमार. लहान बोटींवर शार्क आणि ट्यूनाच्या मागे ओमानच्या बाजूला, पार हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटापर्यंत जातात, आणि अधूनमधून पकडलेही जातात. राखीव क्षेत्रं आली तर पहिला सवाल त्यांचा असेल.

भारताची भूमिकाही याच कात्रीत आहे. जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारीच्या अनुदानांचा करार गेल्या सप्टेंबरात लागू झाला, त्यात आपण अजून नाही. आपलं म्हणणं असं की ज्यांनी दूरच्या समुद्रात मोठे ताफे पाठवून समुद्र उपसला त्यांना आधी आवरा, आमच्या कोळ्याच्या डिझेल परताव्यावर बोट ठेवू नका. यात तथ्य आहे. पण मग ज्या करारातून त्या दूरच्या समुद्रावर काही नियम येऊ शकतो, त्यात तरी आपण घाईने जायला हवं होतं. चीनने मंजुरी देऊन टाकलीय. एकूण ऐंशीच्या वर देश आत आहेत. पहिली परिषद वर्षाच्या आत घ्यायचीय, तिथे कामकाजाचे नियम ठरतील. मंजुरी न दिलेला देश तिथे पाहुणा म्हणून बसेल. बोलेल, पण मत देता येणार नाही.

---

नाखवा_वेसावे | १९ जानेवारी, रात्री १०:४१

म्हणजे माकुलवाला आत, आणि आपण बाहेर?

---

कलम_कसाई | १९ जानेवारी, रात्री १०:४४

हो. सध्या तरी.

---

जुनी_कात्रणं | २० जानेवारी, दुपारी १२:२०

टोमणेश्वरांच्या 'कोण बघणार' या प्रश्नावर एक खरी गोष्ट, आपल्याच समुद्रातली.

अरबी समुद्रात हंपबॅक जातीच्या देवमाशांचा एक कळप आहे जो कुठेच जात नाही. जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे खायला जातात, हिवाळ्यात विषुववृत्ताकडे पिल्लं घालायला येतात. आपले मात्र बारा महिने इथेच. कारण नैऋत्य मोसमी वाऱ्याने ओमानच्या किनाऱ्याला खालचं थंड, पौष्टिक पाणी वर येतं आणि त्यांचं पोट इथेच भरतं. ज्या पावसाची आपण वाट बघतो त्याच वाऱ्यावर ते जगतात. ओमानजवळ मोजदाद झाली तेव्हा शंभराहून कमी निघाले.

एवढे कमी का? एक मोठं कारण १९६६. त्या नोव्हेंबरात सोव्हिएत देवमासे-शिकारी ताफा अंटार्क्टिकाला जाता जाता अरबी समुद्रात शिरला. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर, काही आठवड्यांत, दोनशे चाळीसच्या आसपास हंपबॅक मारले. मुंबईत लोक दिवाळी करत होते तेव्हाच्या सुमाराची गोष्ट.

आता गंमत (गंमत कसली) अशी की नियम तेव्हाही होता. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोग होता, सोव्हिएत युनियन त्याचा सदस्य होता, हंपबॅक मारायला मनाई झालेली होती. त्यांनी आयोगाला खोटे आकडे दिले. जहाजावरचा निरीक्षकही त्यांचाच. खरे आकडे बाहेर आले ते थेट १९९०च्या दशकात, सोव्हिएत युनियन मोडल्यावर, तिथल्याच शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेल्या नोंदींतून. जहाजावर दुसऱ्या देशाचा निरीक्षक बसवायची पद्धत १९७२मध्ये आली. १९७९मध्ये सेशेल्ससारख्या चिमुकल्या देशाने पुढाकार घेतला आणि अख्खा हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य झाला. म्हणजे आपला अरबी समुद्रही. मुंबईत किती जणांना माहीत आहे की आपण अभयारण्याच्या काठावर राहतो?

---

टोमणेश्वर | २० जानेवारी, दुपारी १:०३

माझाच मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात. नियम होता, सही होती, आयोग होता. आणि देवमासे गेले.

---

जुनी_कात्रणं | २० जानेवारी, दुपारी १:१५

अर्धाच घेतलात. परका माणूस जहाजावर चढल्यानंतर आकडे खोटे लिहिणं अवघड झालं, हा उरलेला अर्धा. नाखवांनी वर लिहिलंय ना, अख्खा गाव बघतो.

---

डेकवरचा_गडी | २० जानेवारी, दुपारी ४:४०

यात भर. १९६६ला वरून बघणारं कुणी नव्हतं. आता आहे. एआयएस बंद केला तरी रात्रीचा उजेड टिपणारे उपग्रह आहेत, आणि माकुलवाल्या बोटी तर त्यावर ठळक उठतात. ज्या दिव्याने ते माकुल ओढतात त्यानेच ते पकडले जातात. वर जो पावणेतीनशेचा आकडा दिला, तशा मोजण्या अशाच होतात, बोटीवर न चढता.

पण बघणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. खुल्या समुद्रात जहाजावर हुकूम चालतो तो त्याच्या झेंड्याच्या देशाचा. मी आजवर ज्या सात जहाजांवर काम केलं त्यातल्या पाचांवर पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटांचा झेंडा होता. मालक तिथला नाही, माणसं तिथली नाहीत, जहाजाने ते बंदर बघितलेलंही नाही. झेंडा भाड्याचा. अशा झेंड्याने शिस्त लावायची म्हणजे भाडेकरूने घरमालकाला भाडं देऊन वर त्याच्याकडूनच ओरडा खायचा. मासेमारीच्या बोटींमध्येही हे चालतं.

म्हणून मला विचाराल तर खरी जागा बंदर आहे. माल कधी ना कधी धक्क्याला लागतोच. तिथे कुणीतरी विचारायला हवं की कुठे पकडलंस, दाखव.

---

मोरीमटण | २० जानेवारी, संध्याकाळी ७:३०

बरं, आता गंभीर प्रश्न. मी मोरी (लहान शार्क) खातो, नावच तसं आहे. यातला शार्क खुल्या समुद्रातला असतो का? अपराधी वाटून घ्यायचं का?

---

नाखवा_वेसावे | २० जानेवारी, रात्री ८:५५

आपल्या बाजारात येते ती मोरी, म्हणजे मुशी, बहुतेक जवळचीच. पण लहान लहान येते आता, हातभर. माझ्या बापाच्या वेळी तिचे तुकडे कोयत्याने करायचे. अपराधी वाटून घेऊ नका, पण हातभर दिसली तर घेऊ नका.

---

पुळणवाली | २१ जानेवारी, सकाळी ८:२०

नाखवादादा, हे वाक्य मी फ्रिजवर लावणार आहे.

कासवांबद्दल लिहायचं राहिलं होतं, धागा त्यासाठीच काढला होता खरं तर. गेल्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला बिल्ला सापडला, ०३२३३. तो तिला २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. म्हणजे बाई पूर्वेकडून निघाली, श्रीलंकेला वळसा घातला आणि कोकणात माहेरपणाला आली. त्याआधी २०२३ला गुहागरहूनच उपग्रह यंत्र लावून सोडलेली बागेश्री उलट वाटेने बंगालच्या उपसागरात गेली होती. तोवर आपण समजत होतो की इकडची इकडे आणि तिकडची तिकडे.

खरं सांगायचं तर हा प्रवास बराचसा देशांच्या हद्दींतूनच होतो, त्यामुळे नव्या कराराला त्याचं श्रेय देता येणार नाही. पण पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर जी जखमी कासवं लागतात, त्यांच्या अंगावरची जाळी कुठून येते? मागच्या जुलैत दादरच्या चौपाटीवर एक मिळालं. पुढचा उजवा पाय जवळजवळ तुटलेला, नायलॉन मांसात रुतून वर कातडी आलेली. म्हणजे कित्येक आठवडे ते तसंच पोहत होतं. आम्ही तिघी जणी होतो. एकीने ओला टॉवेल पाठीवर धरला, मी बारीक कात्रीने एकेक धागा कापत होते आणि ते मधूनच मोठा श्वास सोडायचं, दमलेल्या माणसासारखा. जाळ्याचा तुकडा मी ठेवलाय. निळसर हिरवा, जाड पीळ. कोळीवाड्यात दोघांना दाखवला, दोघंही म्हणाले हा आमच्याकडचा नाही.

वनखात्याच्या लोकांनी त्याला डहाणूच्या उपचार केंद्रात नेलं. पुढचं कळलं नाही.

---

नाखवा_वेसावे | २१ जानेवारी, सकाळी ९:०५

तुकडा घेऊन या एकदा. पीळ आणि आस (जाळ्याची भोकं) बघितली की कशाचं जाळं ते सांगता येईल, कुठलं ते नाही सांगता आलं तरी.

---

टोमणेश्वर | २१ जानेवारी, दुपारी २:२६

सगळे चीनच्या मागे लागलात म्हणून आपल्याकडे वळतो. गेल्या सप्टेंबरात भारताने समुद्रतळ प्राधिकरणाशी (मुख्यालय जमैकात) करार केला, कार्ल्सबर्ग पर्वतरांगेत सल्फाइड खनिजं शोधण्याचा, दहा हजार चौरस किलोमीटरवर. ही रांग अरबी समुद्राच्या तळाशी आहे. (हो, नाव बिअरवरूनच. डेन्मार्कच्या ज्या मोहिमेने ती शोधली तिला त्याच कारखान्याच्या प्रतिष्ठानाने पैसे दिले होते.) त्याआधीपासून मध्य हिंदी महासागरात पंचाहत्तर हजार चौरस किलोमीटरवर धातूंच्या गाठी शोधण्याचा हक्क आपल्याकडे आहेच. तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी मत्स्य-६००० पाणबुडीही आपण हौसेने बनवत नाही आहोत.

मग सांगा, आपण मंजुरीला उशीर का करतोय?

---

कलम_कसाई | २१ जानेवारी, दुपारी ३:१०

टोमणेश्वर, प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष घाईचा. खाणकामाचे नियम प्राधिकरणच करणार, नवा करार ते हातात घेत नाही. आणि आपला करार शोधाचा आहे, काढण्याचा नाही. खाणकाम करणार म्हणून मंजुरी अडवलीय असं म्हणायला पुरावा नाही. चीनकडेही असे शोधाचे करार आहेत आणि त्याने मंजुरी दिलीय.

पण अडचण खरी आहे. त्या रांगेवर गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांच्या काठाने सूर्यप्रकाशाशिवाय जगणारे जीव आहेत. ज्या जागी सल्फाइड साचतं त्याच जागी ते राहतात. एकाच खडकावर एक खातं खनिज शोधणार आणि दुसरा करार जीव जपा म्हणणार. आणि आपल्याकडे ही दोन्ही कामं एकाच मंत्रालयाकडे आहेत, पृथ्वी विज्ञान.

---

रोखठोक_ठाणे | २१ जानेवारी, दुपारी ३:४०

देशाला कोबाल्ट नको का? मोबाईल काय शेणाचे बनवणार? पर्यावरणवाल्यांना विकास बघवत नाही. आणि चीनला शिव्या घालता घालता शेवटी आपल्याच सरकारवर घसरलात, अपेक्षित होतं.

---

व्यवस्थापक | २१ जानेवारी, दुपारी ४:१५

पक्षीय राजकारणाचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. कृपया समुद्रातच राहा.

---

मुलुंडची_आजी | २१ जानेवारी, रात्री ९:३०

सगळं वाचलं. फार माहितीपूर्ण. मी लहानपणी गिरगावात राहायचे, तारापोरवाला मत्स्यालय नवीन उघडलं तेव्हा वडील दाखवायला घेऊन गेले होते. तिथे काचेआड एक समुद्री कासव होतं. मी विचारलं हे कुठलं, तर तिथला माणूस म्हणाला "मुंबईचं". आज कळतंय की तो थापा मारत होता.

एक शंका. कुणीच बघत नाही, कुणाचीच हद्द नाही असं म्हणताय, तर मग तिथे जाळं टाकलेलं किंवा कचरा टाकलेला काढायचा कुणी?

---

डेकवरचा_गडी | २१ जानेवारी, रात्री १०:१०

आजी, ज्याने टाकलं त्याने. म्हणजे कुणीच नाही.

माझं जॉइनिंग आलं. ३ फेब्रुवारीला न्हावा शेवाहून, पुन्हा सलालाह. पुळणवाली, यावेळी नीट मोजतो. रडारवर किती आणि एआयएसवर नावं किती, दोन्ही.

---

पुळणवाली | २२ जानेवारी, सकाळी ७:३५

जागा आणि वेळसुद्धा लिहा. प्लीज.

काल वेसाव्याला जाऊन आले. नाखवादादांनी तुकडा बोटांत फिरवला, चष्मा लावला, पीळ उलगडून बघितला. म्हणाले, ट्रॉलचा (बोटीमागे ओढायच्या जाळ्याचा) आहे, पोटाकडचा भाग, आणि आपल्याकडे हा पीळ कुणी घेत नाही, महाग पडतो. मग त्यांच्या आईने सोड्याची खिचडी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

---

मोरीमटण | २२ जानेवारी, सकाळी ७:४८

खिचडीचा फोटो?

---

डेकवरचा_गडी | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:२०

सलालाहचं नेट आहे, पटकन लिहितो. ५ तारखेच्या पहाटे दीड ते साडेतीन. आपली हद्द मागे टाकून बरंच पुढे. रडारवर ४१. एआयएसवर २६ नावं. उरलेल्या पंधरांपैकी एक आमच्यापासून दीड मैलावरून गेली. दिवे चालू, हाका मारल्या तर उत्तर नाही. डेकवर एक माणूस दिसला, सिगारेट ओढत उभा होता. त्याने हात केला. मीपण केला.